जुन्या पद्धतीचं हॅम: दोन दिवस भिजवा, पाणी फेका, पण उकळू नका... हे सगळं कशासाठी?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना या भागातल्या हॅमच्या जुन्या रेसिपी वाचायला घेतल्या की पहिल्या चार ओळींतच माणूस चक्रावतो. हॅम ब्रशने खसाखसा घासा, वरची बुरशी काढा. मग एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मधे मधे ते पाणी फेकून नवीन घाला. मग चार-पाच तास पाण्यात शिजवा पण खबरदार, पाणी खळखळ उकळता कामा नये. मग कातडं सोला, चरबीवर सुरीने चौकटी पाडा, साखर थापा आणि आता ओव्हनमध्ये घाला. आणि एवढं सगळं करून झाल्यावर खायचं किती, तर कागदासारखा पातळ काप.

मला आधी वाटायचं यातलं निम्मं तरी नुसती परंपरा असणार, आजी करायची म्हणून नात करते असं. पण नीट बघितलं तर यातली जवळजवळ प्रत्येक पायरी एकाच गोष्टीशी भांडतेय, ती म्हणजे मीठ. जुनं हॅम हे ताजं मांस नव्हतंच, ते टिकवलेलं मांस होतं, फ्रिज नसताना वर्षभर छताला टांगून ठेवायचं म्हणून बनवलेलं. म्हणजे शिजवणारीला आधी ते टिकवणं थोडंफार उलटं फिरवायला लागायचं आणि मग खरा स्वयंपाक सुरू. हे एकदा डोक्यात बसलं की रेसिपी पाठ करायची गरजच उरत नाही, पुढची पायरी आपोआप सुचते.

आधी हॅम म्हणजे काय ते उरकून टाकू, कारण सगळा घोळ इथेच होतो. हॅम म्हणजे डुकराचा मागचा फरा. तो नुसता कापून आणला, मीठबीठ काही लावलं नाही, तर त्याला फ्रेश हॅम म्हणतात, ते शिजवलं की साध्या पोर्क रोस्टसारखं पांढुरकं दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे आज सुपरमार्केटात बहुतेक मिळतो तो, गुलाबी आणि ओलसर. त्यात सुयांनी मिठाचं पाणी टोचून भरलेलं असतं आणि बऱ्याचदा ते कारखान्यातच शिजवूनही दिलेलं असतं, याला तिकडे सिटी हॅम म्हणतात. आणि तिसरं कंट्री हॅम. कोरडं मीठ चोळून, सुकवून, बहुतेक वेळा धुरी देऊन, महिनोन् महिने मुरवलेलं. जुन्या पद्धतीने शिजवायचं म्हणतात ते हे तिसरं, आणि पुढे जे काही लिहितोय ते मुख्यतः याच्याबद्दल. लोक जुनी रेसिपी उचलतात आणि सिटी हॅमवर लावतात आणि मग म्हणतात चवच नाही. नसणारच, त्याचं कारण पुढे येईल.

तर ते बनायचं कसं. तिकडे डुक्कर कापायचा सीझन म्हणजे थंडीची पहिली कडक लाट. हौस म्हणून नव्हे, थंडी हाच त्यांचा फ्रिज होता. फऱ्याला मीठ चोळायचं, त्यात थोडी साखर आणि चिमूटभर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तिकडचं जुनं ठरलेलं प्रमाण बघा, १०० पौंड मांसाला ८ पौंड मीठ, २ पौंड साखर आणि २ औंस सोरा. हे सगळं एकदम नाही लावायचं, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. आणि किती दिवस ठेवायचं, तर मांसाच्या दर इंच जाडीला साधारण ७ दिवस, म्हणजे मोठ्या फऱ्याला महिनाभर तरी. हवा हवी फ्रिजसारखी थंड, २ ते ४ अंश सेल्सिअस. जास्त गरम झालं तर मीठ हाडापर्यंत पोचायच्या आधीच आतमध्ये हाडाजवळ सडायला सुरुवात होते, आणि जास्त गार होऊन मांस गोठलं तर मीठ आत सरकतच नाही. म्हणजे ही शर्यत आहे सरळ, मीठ बाहेरून आत निघालंय आणि जंतू आत बसलेत, हाडापाशी आधी कोण पोचतं बघायचं.

नंतर जास्तीचं मीठ धुवून काढायचं, मग आणखी काही आठवडे थंडीत ठेवायचं म्हणजे मीठ आत सगळीकडे सारखं पसरतं, मग हिकरीच्या लाकडाची गार धुरी, आणि मग उन्हाळाभर टांगून ठेवायचं. हो, उन्हाळ्यात, बाहेर चांगलं ३० अंश असताना. तोपर्यंत मीठ सगळीकडे पोचलेलं असतं, पाणी उडालेलं असतं, त्यामुळे जंतूंना वाढायला मोकळं पाणीच शिल्लक नसतं. उलट त्या उष्णतेत मांसातली स्वतःची एन्झाइम्स कामाला लागतात, प्रोटीन तोडतात, त्यातून ग्लुटामेट आणि बाकीची अमिनो आम्लं सुटी होतात, चरबीही थोडी तुटते, आणि ती जी खास मुरलेली, थोडी सुक्या मेव्यासारखी, थोडी चीजसारखी चव येते ती इथून येते. कापल्यावर मांसात पांढरे बारीक दाणे दिसले तर घाबरू नका, ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, मुरल्याची खूणच ती.

अमेरिकन सरकारच्या नियमात कंट्री हॅमसाठी दोन आकडे आहेत आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, तयार हॅमचं वजन मूळ ताज्या फऱ्यापेक्षा कमीत कमी १८ टक्के कमी झालेलं पाहिजे. दोन, आत कमीत कमी ४ टक्के मीठ पाहिजे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के असतं. म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट मांस तुमच्या ओट्यावर आहे आणि ही झाली फक्त किमान अट, प्रत्यक्षात त्याहून जास्तच असतं. ५ किलो मांस धरलं तर निदान २०० ग्रॅम मीठ. आता कळलं का लोक दोन दिवस पाणी का बदलत बसायचे?

टिकतं किती तर व्हर्जिनियातल्या स्मिथफील्ड गावच्या म्युझियममध्ये १९०२ साली मुरवलेलं एक हॅम ठेवलंय, अजून आहे. तिथले हॅम व्यापारी पी. डी. ग्वाल्टनी ज्युनियर यांनी त्याला पितळी पट्टा घातला होता आणि पाळीव प्राण्यासारखं प्रदर्शनांना घेऊन फिरायचे, बघा आमचं हॅम किती टिकतं म्हणून. स्मिथफील्ड हे नाव एवढं वजनदार की व्हर्जिनियाने १९२६ मध्ये कायदाच केला, की शेंगदाणे पिकणाऱ्या भागातल्या, शेंगदाण्यांवर वाढलेल्या डुकरांचं आणि त्याच गावात मुरवलेलं असेल तरच स्मिथफील्ड हॅम म्हणायचं. शेंगदाण्यांची अट पुढे १९६६ मध्ये काढली.

सोऱ्याबद्दल दोन शब्द, कारण गुलाबी रंग तिथून येतो. नायट्रेटचं जंतू नायट्राइट करतात, त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, मग शिजवलं तरी रंग तपकिरी न होता गुलाबीच राहतो. पण रंग हा वरचा बोनस आहे, खरं काम बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू रोखायचं. तो जंतू पहिल्यांदा सापडला तोही हॅममध्येच, १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं, बरेच जण आजारी पडले, तिघं गेले, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या उरलेल्या हॅममधून तो जंतू वेगळा काढला. इटलीचं पार्मा हॅम मात्र नुसत्या मिठावर करतात, तरी लाल असतं, तिथे रंगाचं कारण वेगळं आहे, मायोग्लोबिनमधल्या लोखंडाच्या जागी झिंक येऊन बसतं. असो, हा विषय वाढवला तर वाढतच जाईल.

आता स्वयंपाकघरात येऊ.

हॅम कापडी पिशवीतून काढलं की वर हिरवट पांढरी बुरशी असतेच, मुरलेल्या चीजवर असते तशी. नवीन माणूस इथेच घाबरून आख्खं हॅम कचऱ्यात टाकतो. टाकू नका. कोमट पाणी आणि कडक ब्रश, पाहिजे तर थोडं व्हिनेगर, घासून काढायची. वर मिरीचा काळा थर असेल तर तोही निघेल, मिरी पूर्वी चवीपेक्षा किड्यांसाठी चोळायचे. एका प्रकारच्या माशीच्या अळ्या हॅममध्ये शिरतात आणि त्या चक्क उड्या मारतात, म्हणून त्यांना तिकडे स्किपर म्हणतात. हॅम पिशवीत घालून टांगण्याचं एक मोठं कारण ते पण.

बुरशी माफ आहे, वास माफ नाही. जुने लोक एक पातळ सळई हाडाच्या कडेने आत खुपसायचे, बाहेर काढून हुंगायचे. गोडसर, धुराचा, मुरलेला वास आला तर ठीक, आंबूस सडका आला तर मगाशी म्हटलेली शर्यत जंतूंनी जिंकलेली आहे, ते हॅम गेलं, कितीही उकळून उपयोग नाही. हे घासण्याच्या वेळीच करून घ्यावं, सहा तास शिजवून झाल्यावर कळण्यात काय अर्थ आहे.

भिजवणं. इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लोकांना वाटतं भिजवलं की मीठ निघून जातं. जातं, पण फार थोड्या खोलीपर्यंतचं. मीठ मांसातून सरकतं ते फार हळू, आणि त्याचा हिशोब असा आहे की अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट लागतो. हाडापर्यंत मीठ पोचायला महिना लागला होता ना, मग तेच मीठ दोन दिवसात सगळं बाहेर कसं येईल? २४ ते ४८ तासांच्या भिजवण्यात खरा फरक पडतो तो बाहेरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये. मधला भाग जवळजवळ होता तसाच खारट राहतो. म्हणून काही लोक भिजवल्यावर वरून एक तुकडा कापून चव बघतात आणि म्हणतात झालं, आता बरोबर आहे, आणि मग शिजवल्यावर मधला काप तोंडात घातला की पाण्याचा ग्लास शोधत फिरतात.

मग भिजवायचंच कशाला? तीन कारणं आहेत. वरचा थर सगळ्यात सुकलेला असतो, तो परत पाणी पितो आणि मऊ होतो. बाहेरचं मीठ कमी झालं की शिजवताना आतलं मीठ त्या दिशेने सरकायला वाट होते. आणि शिजवायचं पाणी सुरुवातीलाच खारं होत नाही. पाणी बदलायचं कारणही हेच, बाहेरचं पाणी जितकं गोडं तितकं मीठ जोरात बाहेर येतं, पाणीच खारं झालं की ओढ कमी होते. पहिले काही तास सगळ्यात जास्त मीठ सुटतं म्हणून पहिलं पाणी लवकर बदला, पुढची सहा-आठ तासांनी बदलली तरी चालतं, रात्री उठून बदलायची गरज नाही.

आणि एक छोटी गोष्ट जी रेसिपीत एका ओळीत असते आणि का ते कुणी सांगत नाही: हॅम कातडं वर आणि कापलेली लाल बाजू खाली करून भिजवा. कातडं आणि चरबीतून मीठ फारसं येत नाही, येतं ते लाल मांसातून. आणि खारं पाणी जड असतं, ते खाली बसतं. लाल बाजू वर ठेवली तर सुटलेलं खारं पाणी तिथेच मांसावर साचून राहतं, खाली ठेवली तर ते आपोआप तळाला जातं आणि मांसाला नवीन पाणी लागतं. फक्त हॅम तळाला टेकू देऊ नका, खाली एखादी जाळी नाहीतर उलटी ताटली ठेवा.

भिजवायचं फ्रिजमध्ये किंवा तितक्याच गार जागी. पूर्वी थंडीत व्हरांड्यात ठेवायचे ते ठीक होतं. पण जसं वरचं मीठ कमी होतं तसं वरच्या थराचं संरक्षणही कमी होतं, तेव्हा ओट्यावर दोन दिवस नको. किती भिजवायचं ते हॅम किती जुनं आणि किती सुकलंय त्यावर, चार-सहा महिन्यांचं असेल तर एक दिवस पुरे, वर्षभराचं कडक झालेलं असेल तर दोन, कुणी तीन दिवसही ठेवतात.

मग शिजवणं. प्रश्न असा की सरळ ओव्हनमध्येच का नाही घालायचं? कारण ओव्हन मांसातलं पाणी उडवतो आणि मीठ आत ठेवतो, म्हणजे आधीच खारट असलेलं अजून खारट. पाण्यात शिजवलं की मांस गरम होता होता मीठ सुटत राहतं, गरम पाण्यात तर ते थंडपेक्षा भरभर सरकतं. म्हणजे पाण्यातले चार-पाच तास हे शिजवणंही आहे आणि भिजवण्याचा दुसरा भागही आहे. आणि आता सिटी हॅमवाल्यांचं उत्तर इथे आहे बघा, त्यात मीठ मुळात बेताचंच असतं आणि ते बहुतेक वेळा शिजलेलंच असतं, त्याला भिजवून वर पाच तास पाण्यात ठेवलं तर जी काही चव आहे ती पाण्यात जाते आणि ओल्या कापडासारखं काहीतरी हातात येतं. त्याला झाकून १६० अंशाच्या ओव्हनमध्ये आत ६० अंश होईपर्यंत गरम करायचं, बास. पण लेबल वाचा, त्यावर शिजवून खा असं लिहिलं असेल तर ६३ पर्यंत न्यायचं आणि तीन मिनिटं तरी तसंच ठेवायचं.

कंट्री हॅमचं पाणी उकळू का द्यायचं नाही? मांसाचं प्रोटीन तापलं की आवळतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं, जितकं जास्त तापेल तितकं जास्त. ताज्या मांसाकडे पाण्याचा साठा असतो, थोडं गेलं तरी निभावतं. हॅमचं तर आधीच पाचवा हिस्सा वजन गेलेलं असतं, गमवायला फार काही उरलेलं नाही. खळखळत्या पाण्यात बाहेरचे थर शंभरच्या जवळ जाऊन भुसभुशीत होतात आणि हाडाजवळ अजून कोमटच असतं. ८० ते ८५ अंशाच्या पाण्यात हे अंतर कमी राहतं. शिवाय आपल्याला वेळ हवाच आहे, कारण स्नायूंना धरून ठेवणारं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला तास लागतात, घाई करून होत नाही. थर्मामीटर नसेल तर खूण अशी की पृष्ठभाग थरथरतोय, मधेच एखादा बुडबुडा वर येतो आणि परत शांत. जुन्या लोकांनी याला पाणी हसतंय असं म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

हिशोब साधारण किलोला ४५ मिनिटं, म्हणजे ७ किलोचं हॅम असेल तर पाच तास धरून चाला. पाणी गार असतानाच हॅम घालायचं आणि हळूहळू तापवायचं. मोठं भांडं नसतं ही सगळ्यांची अडचण, हॅमचा नडगीकडचा भाग बाहेर राहतो, तो खाटकाकडूनच करवतीने कापून घ्या आणि टाकू नका, पुढे लागेल. पाण्यात काय घालायचं यावर लोक हाणामारीला येतील, कुणी सफरचंदाचं सायडर घालतं, कुणी काकवी, कुणी ब्राऊन शुगर, कुणी कोला. इंग्लंडात तर स्वच्छ वाळकं गवत घालून शिजवायची पद्धत होती. माझं मत विचाराल तर यातलं फारसं काही आत जात नाही, मिठाला जिथे महिना लागला तिथे सायडरचा सुगंध पाच तासात कुठे पोचणार, वरच्या थराला थोडा वास लागतो एवढंच. घालायचं तर घाला, महागडी वाईन मात्र ओतू नका.

झालं कसं ओळखायचं? पूर्वीची खूण, नडगीजवळचं बारीक हाड हाताने हललं की झालं. म्हणजे कोलॅजन सुटलं. ही खूण अजून चांगली आहे, पण सोबत थर्मामीटर घाला, सगळ्यात जाड भागात आणि हाडाला न टेकवता. कच्च्या हॅमसाठी अमेरिकन सरकारचा आकडा ६३ अंश, मगाशी लेबलवाल्या सिटी हॅमला सांगितला तोच. तेवढ्यावर ते सुरक्षित असतं पण हाड हलण्याइतकं मऊ नसतं, जुने स्वयंपाकी त्याला ७० च्या पुढे नेत असणार यात मला शंका नाही.

टेनेसी आणि केंटकीकडे याचा एक भन्नाट प्रकार आहे. चरबी साठवायचा ५० पौंडांचा पत्र्याचा उंच डबा घ्यायचा, हॅम त्यात उभं घालायचं, पाणी भरायचं, चुलीवर उकळी आणायची, थोडा वेळ तसंच ठेवायचं, आणि मग डबा खाली उतरवून वर्तमानपत्रं आणि गोधड्यांमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर सोडून द्यायचा. सकाळी हॅम तयार, हाड सुटून येतं. जादू वाटते पण साधा हिशोब आहे. १८ लिटर उकळतं पाणी आणि ७ किलोचं १५ अंशाचं हॅम एकत्र आणलं आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर दोघं मिळून ८० अंशाच्या आसपास येऊन स्थिरावतात, म्हणजे आपल्याला हवं तेच तापमान, आणि इथे तर आधी थोडं उकळून घेतलेलंय. आच सांभाळत बसायला नको, लाकूड वाचतं, पाणी चुकून उकळायचा प्रश्न नाही. पण छोटं भांडं घेतलंत, ८ लिटर पाणी, तर तोच हिशोब ६५ च्या घरात येतो आणि गोधडीतून थोडी उष्णता गेली की हॅम तासन् तास कोमट, म्हणजे जंतूंसाठी पाळणाघर. तेव्हा हे करायचंच असेल तर मोठा डबा, भरपूर पाणी आणि सकाळी उघडल्या उघडल्या पहिलं काम थर्मामीटर, आत ६३ च्या वर असेल तरच पुढे.

तसंच आणखी एक. जुन्या रेसिपीत शिजलेलं हॅम त्याच पाण्यात रात्रभर गार करा असं असतं. मांस ओलसर राहतं हे खरं आहे. पण आता त्यातलं मीठ कमी झालंय, पाणी परत भरलंय, ते टांगून ठेवायचं हॅम राहिलेलं नाही, शिजलेलं साधं मांस झालंय. इतक्या मोठ्या भांड्यातलं पाणी गार व्हायला फार वेळ घेतं, म्हणून तासभर पाण्यात ठेवा, हात लावता येईल इतपत झालं की बाहेर काढा.

कातडं गरम असतानाच सोलायचं, गार झालं की चरबी घट्ट होते आणि कातड्याबरोबर तुकडे निघतात. चरबीचा अर्धा ते एक सेंटीमीटर थर ठेवा, बाकीची छाटा. मग शंकरपाळ्यासारख्या तिरक्या चौकटी, फक्त चरबीत, मांसापर्यंत सुरी जाऊ द्यायची नाही. यामुळे चरबी वितळून वाट काढते आणि साखर त्या खाचांत पकडून बसते. लवंगा चौकटीच्या कोपऱ्यात टोचतात, दिसतात छान, फार टोचू नका, लवंग सगळ्यावर कुरघोडी करते.

आता ओव्हन लागतो कारण पाण्यात असेपर्यंत पृष्ठभाग शंभरच्या वर जाऊच शकत नाही आणि खरपूसपणा येतो साधारण १४० च्या पुढे. म्हणून आधी हॅम फडक्याने अगदी कोरडं करा, ओलं राहिलं तर पहिली दहा मिनिटं नुसती वाफ उडण्यात जातात. वर ब्राऊन शुगर, मोहरीची पेस्ट, थोडं व्हिनेगर असं थापून, किंवा व्हर्जिनियाकडे करतात तसं साखरेत ब्रेडचा चुरा मिसळून, २०० अंशाला पंधरा-वीस मिनिटं. मांस शिजलेलंच आहे, इथे फक्त वरचा थर भाजायचाय, अर्धा तास ठेवलंत तर साखर जळून कडू होईल. गोड आणि आंबट हे दोन्ही इथे मिठाला उतारा म्हणून आहेत. अननसाच्या चकत्या आणि मधोमध लाल चेरी हा प्रकार डबाबंद अननस आल्यानंतरचा, जुन्यातला जुना नव्हे, मला तो फोटोतच बरा वाटतो.

कापायचं पूर्ण गार झाल्यावर आणि लांब पातळ सुरीने, पलीकडचं दिसेल इतकं पातळ. मगाशी म्हटलं ना की मधलं मीठ तिथेच आहे, तर त्याच्यावरचा शेवटचा उपाय म्हणजे ही सुरी. जाड काप घेतला की घासभर मीठ, पातळ घेतला की जिभेवर चव पसरते आणि खारटपणा गोड वाटायला लागतो. म्हणूनच तिकडे ते बिस्किटात, म्हणजे त्यांच्या त्या मऊ बिनगोड पावासारख्या बिस्किटात, एक-दोन काप घालून खातात, मोठा तुकडा ताटात वाढून नाही. ब्लड प्रेशरवाल्यांनी त्यातही बेताने, आणि खारवलेलं मांस रोज खायची गोष्ट नाही हेही खरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय.

आख्खं हॅम शिजवायचं नसेल तर कच्च्या कंट्री हॅमचे काप कापून तव्यावर भाजतात, फार वेळ नाही, नाहीतर चामडं होतं. तव्याला जे चिकटून राहतं त्यात काळी कॉफी ओतायची, खरवडायचं, झाली रेड-आय ग्रेव्ही, पातळ, कडू, खारट, वर चरबीचे लाल थेंब तरंगताना दिसतात. पहिल्यांदा ऐकल्यावर विचित्र वाटतं पण कॉफीचा कडवटपणा मिठाला बरोबर कापतो.

राहिलं हाड आणि तो कापून ठेवलेला नडगीचा तुकडा. हे सुके बीन्स किंवा कोलार्ड नावाची जाड पालेभाजी शिजवताना भांड्यात टाकायचं आणि दोन-तीन तास विसरून जायचं, हाडाजवळचं उरलेलं कोलॅजन रश्श्यात उतरतं. हॅम शिजवलेलं पाणी चाखून बघा, जेमतेम खारट असेल तर ते पण यात वापरता येतं, जास्त असेल तर ओतून द्या. वरून मीठ घालायचं नाही, अगदी शेवटी चाखून ठरवा, आणि बहुतेक वेळा लागणारच नाही.